येण्याचा दिवस, जाण्याचा दिवस

बीडच्या सुभाष रोडवरच्या अस्तराच्या दुकानात सुरेखा मोरपंखी रंग शोधत होती. दुकानदार एकामागून एक गठ्ठा उलगडायचा आणि प्रत्येकाला शपथेवर मोरपंखी म्हणायचा. ती पिशवीतून ब्लाऊजपीसचा तुकडा काढून शेजारी धरायची आणि मान हलवायची. मे महिन्याची दुपार होती. डोक्यावर पंखा फिरत होता, पण वाऱ्यापेक्षा त्याची कुरकुरच जास्त. फोन वाजला आणि पडद्यावर आरोहीचं नाव आलं, तेव्हा सुरेखाला आधी भीती वाटली, मग आनंद झाला. पोरगी परदेशात गेल्यापासून हे असंच व्हायचं, याच क्रमानं. आरोहीचा फोन दुपारी कधी नसायचा. “आई, ऐकू येतंय का? ऐक ना, मला एवढ्यात येता येणार न्हाई गं. माझे दिवस भरायचेत अजून.” मध्येच खरखर झाली, आवाज समुद्राखाली गेला आणि पुन्हा वर आला. “डा…क्टर म्हणले, जून सरंस्तोर हालायचं न्हाई. प्रवास तर अजिबात न्हाई. आन हे बघ, बाबांना सांगू नको. लई मनाला लावून घेतील ते.” पुन्हा खरखर, आणि फोन गेला. सुरेखानं दोनदा परत लावला. फोनमधली बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि मग तिला न कळणाऱ्या दुसऱ्या भाषेत तेच म्हणाली असावी. दुकानदार कात्री हातात धरून उभा होता. “ताई, किती काढू?” सुरेखा त्याच्याकडे बघत राहिली. “काय किती?” “अस्तर, ताई.” समोरचा गठ्ठा मोरपंखी नव्हता, सरळ हिरवा होता. “काढा मीटरभर,” ती म्हणाली.

दिवस हा शब्द बायकांच्या तोंडी किती कामं करतो, ते तिला त्या रस्त्यावरून चालताना पहिल्यांदा कळलं. दिवस जातात, म्हणजे पोट राहतं. दिवस भरतात, म्हणजे बाळंतपण जवळ येतं. हेच भांडणात दुसऱ्याला म्हटलं, की त्याचं मरण जवळ येतं. आणि माणूस मेला की पुन्हा त्याचे दिवस घालायचेच. एवढ्या सगळ्या दिवसांतून आपल्या पोरीचे कुठले, हे ठरवायला तिला क्षणही लागला नव्हता. लग्नाला चौथं वर्ष. डॉक्टरांनी हलू नको म्हटलंय, म्हणजे पहिले नाजूक महिने. मार्चमध्ये इथून परत गेली तेव्हा काही नव्हतं, म्हणजे त्यानंतरचंच. सगळं बटणाला काज बसावं तसं बसत होतं. एका गोष्टीचा धागा मात्र बाहेर लोंबत राहिला. बाबा मनाला लावून घेतील असं आरोही का म्हणाली? आनंदाची बातमी बाप मनाला का लावून घेईल? आरोहीला कुणी सांगितलं? त्या गोष्टीबद्दल या घरात कधी कुणी बोललंच नव्हतं. उसाच्या रसवाल्याच्या घुंगरांचा आवाज ऐकू आला आणि तिला एकदम ढोल ऐकू आल्यासारखं झालं. तिनं पदरानं कपाळ टिपलं. इतक्या वर्षांत ढोल तिच्या कानात असा भरदुपारी कधी वाजला नव्हता.

ते धारूरला, पोळ्याच्या दिवशी. सुरेखा तेव्हा जेमतेम विशीची, आणि सातवा लागलेला. ओटी भरून पुढच्या आठवड्यात माहेरी, पालीला जायचं ठरलं होतं. नवऱ्याला, मोहनरावांना, बीडच्या नगरपालिकेत नुकतीच नोकरी लागलेली. ते सणाला गावी आले होते नवा सदरा घालून, आणि बैलांच्या शिंगांना लावलेलं हिंगूळ त्यांच्या बाहीला लागलं म्हणून ती हसली होती. हसता हसताच कळ आली. मिरवणूक वेशीपाशी पोचलेली. ढोल एवढे जवळ, की आपण ओरडतोय हे तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. दवाखान्यात कुणी आणलं, कसं आणलं, आठवत नाही. एक पिवळा दिवा आठवतो आणि डेटॉलचा वास. मग कितीतरी वेळानं, दुसरा दिवसही मावळल्यावर, उशाशी बसलेल्या सासूबाई. “पोरगी व्हती. दिवस भरले न्हवते. रात काढली आन पहाटं गेली. पाहुणी आलती समज.” सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी सुरेखाच्या केसांतून हात फिरवला होता. पण पाहुणी हा शब्द सुरेखाच्या अंगात मोडलेल्या सुईच्या टोकासारखा राहिला. दुखत नाही, पण एखाद्या वेळी हालचाल केली की कळतं, आहे. तिनं पोरीला बघितलं नाही. नाव ठेवलं नव्हतं. कुठं ठेवलं, हेही तिनं विचारलं नाही. सांगणारी माणसं एकेक करून गेली, आणि जो एक माणूस उरला तो रोज तिच्या समोर बसून जेवतो. त्याच्याशी तिचं तेलमीठ, घरपट्टी, पोरीचं शिक्षण, नळाचं पाणी, सगळं सगळं बोलून झालं, आणि हे बोलायचं राहून गेलं. नंतर आरोही झाली, पूर्ण दिवसांची, लालबुंद, रडून दवाखाना डोक्यावर घेणारी. तिच्या आवाजात मागचं सगळं बुडून गेलं असं सगळ्यांनी धरून चाललं. सुरेखानंही.

आता मात्र बोलावं लागणार होतं. डॉक्टर पोरीला विचारणारच, आईची पहिली खेप कशी झाली म्हणून. आणि पोरगी सांगणार, व्यवस्थित, मीच की पहिली. ते चालायचं नाही. पोरीला कळलं पाहिजे, तिनं जपलं पाहिजे, आणि ते सांगणारं सुरेखाशिवाय कुणी नाही. घराखालच्या आपल्या शिवणकामाच्या दुकानात पिको मशीनवर बसून ती वाक्यं जुळवू लागली. तुझ्या आधी एक होती. तुला एक बहीण होती. होती की झाली? झाली म्हटलं तर मग कुठं गेली, असं विचारेल. तिनं शिवणीवर शिवण घातली आणि उसवली. दुसऱ्याच्या साडीचा फॉल वाकडा गेला. बाहेर रिक्षा थांबली आणि अकबरी आपा आत आल्या. शेजारच्या गल्लीतल्या. नवऱ्याचा मोंढ्यात फळांचा गाडा, आणि आपांच्या हातात गोधडीची सुई. सुरेखाच्या दुकानातलं कतरण त्या गोणीभर न्यायच्या आणि त्यातून अशी गोधडी करायच्या, की आपला जुना ब्लाऊज कुठल्या कोपऱ्यात आहे ते गिऱ्हाईक बोट ठेवून दाखवायचं. आपांनी वाकडा फॉल बघितला, सुरेखाचं तोंड बघितलं. “क्या हुआ भाभी? कुणी गेलं का कुणी येणार हाय? बाईचा हात ह्या दोनच वक्ताला वाकडा जातो.” सुरेखानं कुणाला न सांगण्याची शपथ घालून सांगितलं. आपांनी कानशिलावर बोटं मोडली, अल्लाचं नाव घेतलं आणि गोणीत हात घालून मऊ तुकडे निवडायला बसल्या. “आत्ता न्हाई आपा, लई लवकर हाय.” “मी कुठं पोराला पांघरायले लागले? टाका तर घालू दे. कुठल्या मुलखात हाय म्हणलीस पोरगी?” “मॉरिशस. बेट हाय ते. कर कमी हाय तिथं म्हणतेत, म्हणून बाहेरच्या कंपन्या येतात.” आपा हसल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. “आमचा मुस्तकीम बी बेटावरच की, भैरीनला. पगारावर एक पैसा टॅक्स न्हाई म्हणतो. आन पोरीच्या निकाहला मोबाईलमधी हजर व्हता. काजीसाहेब म्हणले, जरा मोबाईल सरळ धरा, बाप वाकडा दिसायलाय.”

तो बेटाचा कर काय असतो, हे सुरेखाला नीटसं कधी कळलं नव्हतं. कर म्हणजे तिच्या लेखी नवऱ्याची नोकरी. मोहनराव नगरपालिकेच्या वसुलीत होते. घरपट्टी, पाणीपट्टी, जानेवारी उजाडला की गल्लोगल्ली जप्तीच्या नोटिसा, मार्चला नळ तोडायची मोहीम. नळ बारा-बारा दिवस येत नसताना तो तोडायला माणूस येतो, यावर लोक हसायचे आणि शिव्याही द्यायचे. दोन्ही ऐकून मोहनराव घरी येऊन मुकाट्यानं पाय धुवायचे. आणि पोरगी कामाला लागली तीही कराच्याच गावाला, फक्त समुद्रापलीकडे. इथली माणसं कोयता घेऊन उसामागं बाहेर जातात. हीसुद्धा उसाच्याच मुलखात गेली, नुसती कोयता न घेता. मागं एकदा आरोहीनं मोबाईल फिरवून आपली कचेरी दाखवली होती. काचेची उंच इमारत, आणि खिडकीतून लांबवर ऊस. “इथली मराठी माणसं फार पूर्वी उसासाठीच आणलेली, आई. आडनावं आपल्यासारखी, गणपती बसवतात, आन बोलायला लागली की एक अक्षर कळत न्हाई.” मग तिनं एक दार दाखवलं होतं. पाटीवर नावंच नावं, एकाखाली एक, बारीक अक्षरात. आत टेबल, चार खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. “एवढी माणसं बसतात कुठं गं?” सुरेखानं विचारलं होतं. “माणसं न्हाईत, आई. कंपन्या हायत. त्या हितं राहतात.” राहतात, असं म्हणाली होती पोरगी, अगदी सहज. भाडेकरूबद्दल बोलावं तसं. सुरेखाला त्या चार रिकाम्या खुर्च्या नंतर कितीतरी दिवस आठवत होत्या. रिकाम्या खोलीत नावं राहतात. आणि कुणाकुणाला नावही नसतं.

रविवारपर्यंत तिनं वाट बघितली. मध्ये दोनदा आरोहीचा नुसता निरोप आला, कामात आहे म्हणून. ते तीन-चार दिवस सुरेखा दोन ठिकाणी राहिली. हात बीडमध्ये भाकरी थापत होते आणि ती धारूरच्या पिवळ्या दिव्याखाली होती, नाहीतर न बघितलेल्या एका बेटावर, पोरीच्या पायाखाली उशी सारत होती. मोहनराव समोर जेवत होते. फेब्रुवारीत न्हाणीत घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आरोही तेव्हा धावत येऊन दीड महिना राहिली होती, वरच्या खोलीत कॉम्प्युटर लावून. आता ते वॉकर धरून चालायचे. वॉकरच्या रबराचा टक् टक् आवाज आता घराच्या आवाजांत मिसळला होता. सुरेखा त्यांच्या ताटात भाजी वाढताना त्यांच्या तोंडाकडे बघायची. हा माणूस त्या रात्री कुठं होता? दवाखान्यात होता, की भावांबरोबर बाहेर कट्ट्यावर? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर असते. घरोघरी मटण शिजतं. सुरेखानं त्या सालापासून करीला चूल पेटवली नाही. अंग दुखतं म्हणते आणि पडून राहते. आणि मोहनराव दर करीला, न चुकता, सकाळच्या एसटीनं धारूरला भावाकडे जातात आणि दिवेलागणीला परत येतात. घरी मिळत नाही म्हणून भावाकडे जाऊन मटण हाणून येतो, असं ती इतकी वर्षं मनात म्हणत आली होती. बोलून कधी दाखवलं नाही. संसार टिकतो तो अशाच न बोललेल्या गोष्टींवर, असं तिला कधीकधी वाटायचं. आणि कधीकधी वाटायचं की टिकतो कुठला, नुसता राहतो. त्या पाटीवरच्या नावांसारखा.

रविवारी संध्याकाळी तिनं मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ओट्यावर उभा केला. तिकडे अजून उजेड होता. बेटाची घड्याळं आपल्या मागं चालतात. आरोही खिडकीपाशी बसली होती आणि मागं जावई, सुरज, हॉटेलच्या ड्यूटीला निघायच्या गडबडीत “नमस्कार मम्मी” म्हणून दिसेनासा झाला. आतल्या खोलीत मोहनरावांचा टीव्ही बातम्या ओरडत होता. सुरेखानं आवाज खाली आणला. “उलट्या व्हतात का गं?”

“कशाच्या उलट्या?”

“लपवू नको. चेहरा उतरलाय तुझा. काय खावंसं वाटतंय? डाक्टर बाई हाय का बाप्या हाय?”

“कुठला डॉक्टर, आई?”

“तूच म्हणलीस की. डाक्टर म्हणले हालू नको. दिवस भरायचेत.”

आरोहीचं तोंड आधी उघडं राहिलं, मग ती खुर्चीतच वाकली. “डायरेक्टर, आई! डायरेक्टर म्हणले! आन दिवस म्हणजे राहायचे दिवस गं, बेटावर राहायचे!” ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. हसता हसता तिनं पडद्यात बघितलं आणि हसू आवरलं. “आई… तुला काय वाटलं?”

“मला काय वाटायचंय,” सुरेखा म्हणाली. तिनं ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, पुन्हा उलगडली. “उन्हानं कानाला कमी येतंय मला.” आतून काहीतरी ओघळून जात होतं आणि ते दुःख आहे की सुटका, ते तिला ठरवता येईना. पोरीला काही धोका नाही. पोरीला काही नाहीच. आणि चार दिवस जुळवलेली वाक्यं तोंडात तशीच होती, घास असावा तशी. ना गिळता येत होती, ना टाकता.

आरोही ओशाळली होती, आणि ओशाळली की ती भराभरा बोलते. लहानपणी काचेचा ग्लास फुटला तेव्हाही अशीच बोलली होती. “तुला सांगते ना, समजून घे. हितं कर हाय, पर कमी हाय. पगारावर हाय. जमीन विकून नफा झाला, शेअर विकले, त्याच्यावर न्हाई. बापाचं पोराला मिळालं, त्याच्यावर न्हाई. दुकानात साबण घेतला तर हाय, शंभराला पंधरा.”

“म्हणजे साबण घेणाऱ्याला हाय.”

“हां, तसंच म्हण. आता कंपन्या. त्यांना बी कागदावर पंधराच. पर बाहेरून येणारी जी काही ठरावीक कमाई, तिच्या शंभरातले ऐंशी बाजूला काढायचे, राहिलेल्या विसावर पंधरा टक्के. म्हणजे शेवटी किती? शंभराला तीन. म्हणून बाहेरचा पैसा हितं येतो, जरा टेकतो आन मग पुढं आपल्याकडं जातो. पहिलं लई जायचा. आता दोन्ही देशांतला करार बदललाय, नुसती पाटी लावून भागत न्हाई. कंपनी खरंच हितली हाय का ते बघतात. हितं राहणारी दोन माणसं तिच्या बैठकीला बसलेली पाहिजेत, ठराव हितं बसून झाला पाहिजे. कंपनीचं मन कुठं हाय, ते बघतात, आई. जिथं मन, तिथली कंपनी.”

“कंपनीला मन असतंय व्हय?”

“कायद्यात असतंय. आन ती दोन माणसं म्हणजे एक आमचे डायरेक्टर आन एक मी. मी बसते त्या खुर्चीत. पर मी हितली रहिवासी ठरले तरच. वर्षातले अर्ध्याहून जास्त दिवस हितं काढले तर रहिवासी. ह्यांचं वर्ष जुलै ते जून. मी आले दिवाळीनंतर, त्यात दीड महिना तिकडं होते. म्हणून म्हणले, दिवस भरायचेत. न्हाई भरले तर खुर्ची जाईल, नोकरी बी डळमळंल. म्हणून तर बाबांना सांगू नको म्हणलं. त्यांच्या खुब्यापायी झालं असं धरून बसतील कपाळाला हात लावून.”

“ऐकू येतंय मला,” आतून मोहनराव म्हणाले. “टीव्ही चालू हाय, कान बंद न्हाईत.”

“बाबा! तुमी कावून ऐकायलाव मधीच?”

“नोकरी सारी त्याच्यातच गेली माझी. घराला कुलूप घालून मालक पुण्याला गेला, तरी घरपट्टी चुकत न्हाई. आमी कधी कुणाचं मन कुठं हाय इचारलं न्हाई. दार कुठं हाय तेवढं बघायचं, आन नोटीस चिटकवायची.”

आरोही हसली. सुरेखाही हसली असती. पण जिथं मन तिथली, या शब्दांपाशीच ती थांबली होती. बायकोचं मन कुठं आहे हेही या माणसानं कधी विचारलं नव्हतं. आपण तरी कुठं विचारलं? कंपनी दिसत नाही, तिला हात नाहीत, पाय नाहीत, तिच्या नावानं दोन माणसं चहा पितात आणि ती त्या गावची ठरते. तिला पाटी असते, पत्ता असतो. आणि जी श्वास घेऊन गेली, तिच्या नावानं कुणी बसलं नाही. कुणी ठराव केला नाही, की ही आमची होती. बाहेर अकबरी आपांची हाक आली, “भाभी, पाणी सुटलंय बरं का!” आणि सुरेखा उठली नाही. बारा दिवसांनी नळाला पाणी आलं आणि ती उठली नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

“आरोही,” ती म्हणाली, “एकच रात राहिलं एखादं, तर ते कुठलं धरायचं गं?”

“एक रात? तो पाहुणा, आई. पाहुण्याला कोण धरतंय.”

“पाहुणी न्हवती ती.”

शब्द तोंडातून निघून गेले होते. आता मागं वळायला जागा नव्हती. तिनं फडक्याची घडी घातली आणि त्या घडीकडे बघत सांगितलं. पोळा. हिंगूळ लागलेली बाही. ढोल. पिवळा दिवा. पोरगी होती. दिवस भरले नव्हते. रात काढली आणि पहाटे गेली. मी बघितली नाही. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तिला उपयोगी पडलं नाही, दुसरीच कसली तरी ओबडधोबड वाक्यं येत गेली. “तुला सांगणार व्हते, तू जपावं म्हणून. आता ते कारण राहिलं न्हाई. पर तोंडात आलतं.” पडद्यात आरोही हलत नव्हती. एवढी, की सुरेखाला वाटलं फोन अडकला. मग तिनं हाताच्या पालथ्यानं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं.

टीव्ही बंद झाला होता. केव्हा झाला, कळलं नाही. टक् आवाज आला, मग थांबला. मग पुन्हा टक्. मोहनराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन वॉकरवर रेलून उभे राहिले. ते सुरेखाकडे बघत नव्हते, साखरेच्या डब्याकडे बघत होते.

“पहाटं न्हाई,” ते म्हणाले.

सुरेखानं मान वर केली.

“पहाटं न्हाई गेली ती. दुपारपस्तोर व्हती. करीच्या दुपारपस्तोर.” त्यांनी घसा साफ केला. “तुला सुद न्हवती. डाक्टरीण म्हणली, वाचायची न्हाई, आईला दावू नका, तिची बी तब्येत नाजूक हाय. माझी आई म्हणली, पहाटंच गेली म्हणून सांगू. लवकर ईसरंल. मी हां म्हणलो.”

“कुणापाशी व्हती?”

“माझ्यापाशीच की. त्या नव्या सदऱ्यात गुंडाळलेली. माझ्या टोपीत मावली असती, एवढी. सांच्यापासनं दुसऱ्या दुपारपस्तोर मांडी हालू दिली न्हाई मी. पाय मेलते.” त्यांनी वॉकरची मूठ बदलली. “किल्ल्याच्या खालच्या अंगाला, भावाच्या बांधावर ठिवली तिला. लिंब हाय तिथं. दर करीला जातो, त्यो तिथंच. भाऊ मटण करतो. मी खात न्हाई.”

आपल्या पस्तीस वर्षांच्या रागाला आता कुठं ठेवायचं, ते सुरेखाला कळेना. तो राग तिच्या ओळखीचा होता, मेजपट्टीसारखा हाताशी असायचा. दर करीला पडल्या पडल्या तिनं त्यानंच हा माणूस मोजला होता.

“बाबा,” मोबाईलमधून आरोहीचा आवाज आला, एकदम लहान झालेला. “पोळ्याच्या दिवशी कधी झाली ती?”

“दिवेलागणीला. बैल घरी परतत व्हते.”

“आमच्या हितं,” ती म्हणाली आणि थांबली. “आमच्या हितं दिवस धरताना येण्याचा दिवस पुरा धरतात, आन जाण्याचा बी पुरा धरतात. थोडा येळ असला तरी. तसा नियमच हाय.”

“म्हंजे?”

“म्हणजे एक रात न्हाई, बाबा. दोन दिवस व्हती ती.”

मोहनरावांनी मान हलवली. वसुलीच्या नोकरीत एखादा हिशोब मान्य करताना हलवायचे तशी, सावकाश. “दोन,” ते म्हणाले. “पोळा आन कर.”

बाहेर पाणी भरून वाहत होतं, अकबरी आपा कुणाला तरी बादली सरकवायला सांगत होत्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर आपांनी सकाळीच आणून ठेवलेली हातभर गोधडी होती, अर्धीच झालेली. तिच्यात मधोमध तो हिरवा अस्तराचा तुकडा होता, मोरपंखी म्हणून घेतलेला. सुरेखानं ती उचलून मांडीवर घेतली. इतकी वर्षं तिच्यापाशी फक्त एक रात्र होती, पिवळ्या दिव्याची. आता एक अख्खी सकाळ तिच्या हाती आली होती, आणि एक दुपार. तिच्यात काय असेल, ते तिला काहीच माहीत नव्हतं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्याच्याशी काय काय बोलायचं राहिलं होतं, त्यातलं सगळ्यात लहान तिनं आधी विचारलं.

“ऊन व्हतं का त्या दुपारी?”

“व्हतं,” मोहनराव म्हणाले. “लई न्हाई, पावसाळ्याचं. दारापाशी नेलतं मी तिला, दावायला. डोळं बारीक केलतं तिनं.”